करीचं रान, दोन पाटील आणि मी

आमच्या गावात दोन पाटील होते आणि सरकारच्या मते एकही नव्हता.

पाटीलकी कायद्यानं बंद झाली तेव्हा मी अंगणात रांगत होते. सरकारनं सही केली, शिक्का मारला आणि हात झटकले. शिक्का मारणाऱ्या साहेबांना एवढंच कुणी सांगितलं नव्हतं की आमच्याकडं पाटील कागदावर ठरत नाही, बैलावर ठरतो.

म्हणजे कसा, ते सांगते. कराडहून सांगलीकडं निघालं की उसाच्या फडांमधून जो रस्ता जातो, त्याला लागून आमचं गाव. गावाला जुनी वेस, तिचे दोन बुरूज अजून उभे आहेत. बेंदराच्या दिवशी, म्हणजे बैलांच्या सणाला, दुपार कलली की या बुरुजांमध्ये गवताचा जाड दोर आडवा बांधायचा. त्याला पिंपळाची पानं गुंफलेली असायची. त्या दोराला कर म्हणायचं. ज्याचा बैल पहिल्यांदा धावत येऊन शिंगानं कर तोडेल, तो त्या वर्षाचा पाटील. दुसरं काही नाही. पगार नाही, खुर्ची नाही. पण त्या एका झटक्यासाठी वर्षभर बैलाला पेंड चारणारे लोक मी पाहिलेत. आपल्या पोराला दूध कमी पडलं तर चालेल, बैलाला कमी पडता कामा नये.

गावात दोन आळ्या. वरची मराठ्यांची, खालची जैनांची. दोघांचं आडनाव पाटील, दोघांचा ऊस एकाच कारखान्याला, दोघांची बोली एक. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस यांचा पंप बिघडला तर त्यांचं पाणी, त्यांच्याकडं लग्न तर यांची भांडी. उरलेल्या एका दिवशी मात्र दोन्हीकडचे वाडवडील चितेतून उठून भांडायला यायचे. वरच्या आळीचा कारभारी म्हणजे आमचे थोरले चुलत सासरे. खालच्या आळीचे अण्णा. दोघांकडं पेटीत मोडी कागद होते. दोघांनाही मोडी वाचता येत नव्हती. त्यामुळं दोघांचेही कागद अगदी पक्के होते.

मानाबरोबर एक जमीनही होती. वेशीच्या बाहेर उजव्या हाताला अर्धा एकर, तिला करीचं रान म्हणायचे. कर आम्ही तोडतो म्हणून रान आमचं, असं दोन्ही आळ्या म्हणायच्या. पण त्या रानात वरच्या आळीचा माणूस कधी उतरला नाही आणि खालच्या आळीचाही नाही. पिढ्यानपिढ्या ते रान कसत होतं मातंग वस्तीतलं एक घर. वाखाचे दोर वळणं हा त्यांचा धंदा आणि करही तेच वळायचे. त्या वळण्याच्या बदल्यात ते रान. माझ्या वेळी त्या घरात एक मावशी होती, माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठी, काटक, हाताला सतत वाख. मी तिला मावशी म्हणायचे आणि चहा अंगणातच द्यायचे. आता लिहिताना हात अडखळतो, तेव्हा नव्हता अडखळत.

या सगळ्यात वीसेक वर्षांपूर्वी माझा अवतार झाला. पोलीस पाटलाची जागा निघाली आणि ती नेमकी बाईसाठी राखीव. वय चाळीसच्या पुढं, दहावी पास, अशा माझ्यासारख्या सुनेनं परीक्षा दिली आणि पास झाली. म्हणजे आता गावात तिसरा पाटील आला आणि तोच एकटा सरकारमान्य. थोरले सासरे म्हणाले, घरातच राहिली की पाटीलकी. अण्णा म्हणाले, बरं झालं, निदान ही वाचते तरी. दोघांनाही वाटलं, ही आपलीच. आणि मला वाटलं, गाव माझं.

त्या वेळची मी आठवली की आजही हसू येतं. ओळखपत्राचा पट्टा गळ्यात, पदराच्या बाहेर, म्हशीची धार काढतानासुद्धा. म्हैस पट्ट्याला चाटायची. खिशाला पेन पाहिजे म्हणून ब्लाऊजला खिसा शिवून घेतलेला. परीक्षेच्या गाईडमधले शब्द तोंडपाठ. घरात नवऱ्याला सुद्धा ‘सदर इसम’ म्हणण्यापर्यंत गाडी गेली होती. ते लष्करातून रिटायर झालेले, वरिष्ठ मूर्ख असला तर काय करायचं ते त्यांना पक्कं ठाऊक. ते फक्त सॅल्यूट करायचे आणि रानात निघून जायचे.

माझ्या पहिल्याच बेंदराला मारामारी झाली. दोन्ही आळ्यांचे बैल एकाच वेळी वेशीकडं सुटले, कर कुणाच्या शिंगाला लागली ते बैलांनाही कळलं नसेल. पण माणसांना कळलं. काठ्या निघाल्या. दोघांची डोकी फुटली, एकाचा दात गेला. अण्णांचा बैल झुली-बाशिंगासकट उसात घुसला आणि दोन दिवस बाहेर आला नाही. त्या दिवशी शहाणपणानं वागलेला तो एकटाच.

मग सरकार आलं. सरकार येतं तेव्हा आधी गाडी येते, मग बंदीचा आदेश. पाच किंवा अधिक लोकांनी एकत्र जमू नये असा आदेश कोतवालानं चावडीसमोर वाचून दाखवला आणि तो ऐकायला सगळं गाव जमलं. वेशीपाशी पोलिसांची गाडी आठ दिवस उभी. त्यांना वरच्या आळीचं जेवण जातंय हे खालच्या आळीला खपेना, म्हणून खालच्या आळीनं वेगळं पाठवलं. पोलीस बिचारे दोनदा जेवायचे. जाताना एकजण म्हणाला, ताई, तुमच्याकडं तंटा फार चांगला होतो.

त्यानंतर शांतता समिती. तालुक्याला बैठक, मोठं टेबल, टेबलावर फुलदाणी, फुलदाणीत प्लॅस्टिकची फुलं. तहसीलदार साहेब बाहेरगावचे, नवे, गोरेपान. बेंदूर म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायला पाऊण तास गेला. मग त्यांनी विचारलं, बैलाच्या ऐवजी दुसरं काही करता येणार नाही का? थोरले सासरे आणि अण्णा एकमेकांकडं बघून हसले. बेंदराच्या बाबतीत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

आणि तेव्हा मी उभी राहिले. आमच्या भागात बेंदूर दोन असतात हे तुम्हाला ठाऊक असेल. ज्येष्ठातल्या पुनवेला कर्नाटकी आणि आषाढातल्या पुनवेला महाराष्ट्रीय. काही गावं हा करतात, काही तो. आमचं गाव आषाढातला करायचं. मी म्हटलं, साहेब, खालच्या आळीनं कर्नाटकी करावा, वरच्या आळीनं महाराष्ट्रीय. दोन दिवस, दोन करी, दोन पाटील. भांडायला समोर कुणी राहणारच नाही. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, व्हेरी गुड मॅडम. त्या ‘मॅडम’नं मी परतीच्या एसटीत उभी असूनही बसल्यासारखी आले.

दोन्ही आळ्यांनी मान्य केलं ते कशामुळं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. अण्णा खूश, कारण ज्येष्ठ आधी येतो, म्हणजे पहिला मान त्यांचा. थोरले सासरे खूश, कारण खरा बेंदूर आषाढातलाच, ज्येष्ठातला काय, सरावाचा. दोघंही जिंकले होते. असा तोडगा सरकारला फार आवडतो.

साहेबांनी अहवाल मागितला. छापील फॉर्म होता. पक्ष क्रमांक एक, पक्ष क्रमांक दोन. त्याखाली करीच्या रानाबद्दल रकाना: जमीन सध्या कोणाच्या ताब्यात. मी पेन झटकलं आणि सुबक अक्षरात लिहिलं: वादग्रस्त. गाईडमधला हा माझा लाडका शब्द. एवढा भारदस्त शब्द वापरायची संधी गावात रोज थोडीच मिळते. लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत मी तो शब्द बघत बसले होते.

दसऱ्याच्या आधी एक दिवस दोन कर्मचारी आले, सोबत लोखंडी फलक. करीच्या रानात मधोमध खड्डा खणला आणि फलक उभा केला. सदर जागा शासनाच्या ताब्यात, प्रवेश करणाऱ्यावर कारवाई. खड्डा जिथं खणला तिथं भुईमूग होता. उपटायला आलेला. बाकी रानभर पण तोच, पिवळा पडायला लागलेला.

दुपारी मावशी माझ्या अंगणात आली. मी ओसरीवर रजिस्टर घेऊन बसले होते, म्हणजे रजिस्टर उघडं आणि मी शेंगा फोडत. तिनं रडारड केली नाही. ओसरीच्या पायरीखाली बसली, हातातला वाख बाजूला ठेवला.

“पाटलीणबाई, त्या पाटीवर काय लिवलंय?”

मी सांगितलं. जमीन वादात आहे, निकाल लागेपर्यंत सरकारच्या ताब्यात राहील. माझा आवाज तेव्हा फार समजूतदार असायचा.

“वादात म्हंजी?”

“म्हणजे तिच्यावरनं भांडण हाय.”

“व्हय. त्यांचं हाय.” तिनं एकदा वरच्या आळीकडं बोट केलं, एकदा खालच्या. “माजं कुनासंगं हाय?”

मी सांगायला लागले की प्रक्रिया असते, पक्ष दोनच, फॉर्ममध्ये तिसरा रकाना नसतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, “ताब्यात कोन हाय, असं त्यांनी इचारलं व्हतं की न्हाई?”

“विचारलं होतं.”

“मग तुमी काय लिवलं?”

मी तो शब्द उच्चारला. पहिल्यांदाच तो तोंडात बसेना. ती उठली, वाख उचलला आणि म्हणाली, “भुईमूग रानात कुजंल. तुमचं अक्षर चांगलं हाय म्हनत्यात, तेवडंच.” आणि गेली. अर्धा एकर तिचं सगळं होतं. बाकी ती दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची. नवरा वारलेला, मुलगा शिरवळला कंपनीत, सून आणि दोन नातवंडं घरात. आणि ही जी मी, ओळखपत्र लावलेली, तिनं गावातल्या बैलांची नोंद केली होती, पण जो दोर वळतो त्याचं नाव लिहायचं राहिलं होतं.

शेंगा कुजल्याच. सरकारच्या ताब्यातल्या शेंगा उपटायला सरकारकडून कुणी आलं नाही. मी दोनदा तालुक्याला फोन केला, फोनवर मला सांगितलं, प्रकरण प्रक्रियेत आहे. हे वाक्य मला आवडायचं, कारण तोपर्यंत ते मी दुसऱ्यांना सांगायचे.

मग आला ज्येष्ठ. कर्नाटकी बेंदूर, खालच्या आळीचा पहिला. काय तयारी होती म्हणून सांगू. अण्णांच्या बैलाची शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. पोलीस, साहेब, साहेबांबरोबर फोटो काढणारा एक माणूस, कारण हा तोडगा म्हणे जिल्ह्याला कळवायचा होता. वरची आळी घरात दारं लावून बसलेली, खिडक्या उघड्या. सगळे वेशीकडं बघतात तर दोन्ही बुरुजांमध्ये नुसतं आभाळ.

करच नव्हती.

मावशीकडं माणूस धावला. तिनं निरोप पाठवला की ज्या रानासाठी कर वळते ते रान सरकारचं आहे, तर सरकारनं वळावी. साहेबांनी मला विचारलं, कर बांधणं कुणाच्या अखत्यारीत येतं? मी फॉर्म चाळला. नव्हतं. शेवटी कुणीतरी दुकानातून नायलॉनची दोरी आणली. आता कर वळायची असते ती तुटण्यासाठी. मावशी गवताला असा सैल पीळ द्यायची की शिंगाचा एक झटका बसला की दोर आपसूक सुटावा, बैलाची मान हलायच्या आत. नायलॉन ट्रकला बांधायचं असतं. अण्णांचा बैल धावत आला, दोरीला शिंग अडकलं, दोरी तुटली नाही, बुरुजाचा एक दगड मात्र खाली आला. बैल तिथंच खाली बसला. फोटो काढणाऱ्यानं कॅमेरा खाली घेतला. वरच्या आळीच्या खिडक्यांमधून जो हशा उठला तो मला आजही ऐकू येतो. थोरले सासरे तर इतके खूश की रात्री जेवलेच नाहीत, हसून पोट भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या लक्षात आलं की महिन्यानं त्यांचाही बेंदूर आहे आणि तेव्हाही कर नसेल.

मी मावशीच्या घरी गेले. ओळखपत्र घरी काढून ठेवलं होतं, म्हशीला बरं वाटलं असणार. मावशीनं मला अंगणात बसवलं आणि चहा अंगणातच दिला. मी कप हातात घेतला आणि त्यात बघत राहिले. चहा चांगला होता.

“काय करू सांग,” मी म्हटलं.

“माजं नाव घाल.” पहिल्यांदा ती मला अगं-तुगं बोलत होती. “आन् दोगांच्या सह्या आन. त्यांनी लिवून द्यावं, रान कोन कसतंय ते. मग दोर वळते. पन एकच वळीन. दोन बेंदूर मला झेपत न्हाईत.”

मी घरी येऊन कोरा फॉर्म काढला. पट्टी घेतली आणि पक्ष क्रमांक दोनच्या शेजारी लाल पेनानं तिसरा रकाना आखला. वेडावाकडा आला. त्यात तिचं नाव लिहिलं, किती पिढ्या कसते ते लिहिलं आणि खाली, मागच्या अहवालात माझ्याकडून चूक झाली, असं एक वाक्य. हे वाक्य गाईडमध्ये कुठंच नव्हतं. ते माझं मलाच जुळवावं लागलं.

सह्या मिळवायला मात्र मला मूळचा स्वभाव वापरावा लागला. थोरल्या सासऱ्यांना सांगितलं, अण्णा म्हणतात, तुमच्यात सही करायची धमक नाही. अण्णांना सांगितलं, वरची आळी म्हणते, जैनांच्या पाटलाला शब्द पाळता येत नाही. दोघांनीही पेन मागितलं. आता सरकारी नोकरीत असं खोटं बोलणं बसत नाही हे मला माहीत आहे. पण ‘वादग्रस्त’ तरी कुठं खरं होतं?

साहेब म्हणाले, रकाना वाढवता येत नाही. मी म्हटलं, वाढवलाय. त्यांनी कागद उलटसुलट केला, माझ्याकडं बघितलं आणि फाइलीला लावला. मॅडम म्हणाले नाहीत.

आषाढातल्या पुनवेला मावशीनं कर वळली. सून आणि ती, दोघींनी मिळून बुरुजांना बांधली. दोन्ही आळ्यांचे बैल सजून तयार, कारण दोर एकच म्हटल्यावर दोन्ही आळ्या आपोआप एका दिवशी आल्या होत्या, माझा तोडगा तिथंच संपला. बंदोबस्त वेशीच्या आत. बैल सुटणार एवढ्यात साहेबांची जीप, नेहमीप्रमाणं उशिरा, धूळ उडवत बाहेरून आली आणि थांबलीच नाही. वरचा लाल दिवा कर घेऊनच वेशीच्या आत आला. पिंपळाची पानं काचेवर, गवत बॉनेटवर.

मग अण्णा थोरल्या सासऱ्यांना म्हणाले, “झालं की, पाटील. यंदाचा पाटील सरकार.”

“त्याचा जाब कुणाला इचारायचा रं?” सासरे म्हणाले, आणि दोघं त्या जीपभोवती फिरून बघायला लागले, जणू विकत घ्यायचा बैल आहे. साहेब खाली उतरले, कपाळावरचं पान काढलं आणि काय झालंय ते विचारू लागले. कुणी सांगितलं नाही. त्या वर्षी काठी उचलायला कारणच उरलं नाही.

कर नेहमीपेक्षा हातभर खाली, नेमकी जीपच्या दिव्याला लागेल अशी बांधली होती, असं मला नंतर वाटलं. मावशीला मी कधी विचारलं नाही. पोलीस पाटलानं काय विचारायचं नाही हे मी तोवर शिकले होते.

फलक पुढं कितीतरी वर्षं रानात उभा होता. काढायचा आदेश कुणी द्यायचा हे ठरलंच नाही. पण मावशी त्याच्या भोवतीनं पेरू लागली, पावसात तिची शेळी त्याखाली उभी राहायची. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तिचं नाव लागायला माझी तीन साहेब बदलेपर्यंत ये-जा झाली. पुढं बैलच कमी झाले. आता दोन्ही आळ्यांचे ट्रॅक्टर सजून वेशीतून जातात आणि कर कुणाच्या धुराड्याला अडकली यावर फारसं कुणी भांडत नाही. सरकारनं शांततेचं श्रेय घेतलं असेल, घेऊ दे.

रस्ता रुंद झाला तशी वेशीबाहेरची सगळी जमीन प्लॉटवाल्यांनी घेतली. वरच्या आळीनं विकली, खालच्यानंही विकली, मोडी कागद दाखवायला सुद्धा कुणी थांबलं नाही. मध्ये फक्त करीचं रान तेवढं हिरवं राहिलं. परवा कराडच्या कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या नातीनं फोनवर त्याचा उतारा काढून दाखवला. मावशीचं नाव आहे, आणि खाली शेऱ्यात अजून एक शब्द आहे. वादग्रस्त. म्हणून म्हणे प्लॉटवाले तिकडं फिरकत नाहीत. नात म्हणाली, आज्जी, हे काढायला अर्ज करता येतो.

मी तो फोन घेऊन मावशीकडं गेले आणि नेहमीसारखी अंगणात बसले. ती आता फार थकली आहे, पण हातात वाख आहेच. मी सांगितलं, माझी जुनी चूक अजून तिथं आहे, म्हणशील तर काढून घेते. तिनं विचारलं, ऱ्हायली तर काय हुतंय? मी म्हटलं, काही नाही, रान विकता येत नाही.

“मंग ऱ्हाऊ दे की,” ती म्हणाली आणि सुनेला हाक मारून चहा आत आणायला सांगितला.